माझ्या लग्नात जेवलेले एजंट मला अविवाहित लिहितात

मंडळी, आजचा अनुभव शिक्षक-खोलीच्या फळ्यावरच लिहितेय. कुणी पुसायच्या आत वाचा.

मधल्या सुट्टीत आपल्या राजूरचे विमा एजंट माझा फॉर्म भरायला आले. "बाई, मालकांचा विमा कितीचा हाय?"

म्हटलं, "काढलेलाच नाही. विमा म्हणजे अभद्र, असं सासूबाई म्हणतात, आणि हे आईपुढे बोलत नाहीत."

"मग हापिसात अडंल. अविवाहित लिवतो. कोन बघायला येतंय?"

माझ्या लग्नाच्या पंगतीत लाडू मागून घेणारा हा माणूस! गळ्यात मंगळसूत्र, घरी तीन वर्षांचा बाळू, आणि कागदावर मी कुमारिका?

मी 'विवाहित'च लिहायला लावलं. "मग न्हाई व्हायचं काम," म्हणत ते फॉर्म घेऊन निघून गेले. बहात्तर साल उजाडलं, तरी माझ्या पगारातून माझा विमा काढायला आधी नवऱ्याचा विमा लागतो!

तुमच्यापैकी तिघींनी याच एजंटाकडून विमा काढलाय. आज घरी गेल्यावर कागद काढून बघा. उद्या आपलं बरंवाईट झालं आणि पोरं त्या कचेरीत गेली, तर अविवाहित बाईची पोरं कुणाची म्हणून उभी राहणार?