शाळेची मुख्यमंत्री

"नागरिकशास्त्र बाईंना द्या. त्यांच्या घरचाच विषय हाय त्यो."

शाळा समितीचे अध्यक्ष असं बोलले आणि ऑफिसातले सगळे हसले. शाळा नुकतीच उघडली होती, विषयांची वाटणी चालू होती. जिल्हा परिषदेच्या या शाळेत मी नवीन, बदलून आलेली. माझ्या हातात चहाचा कागदी कप होता. वाटलं, कपबशा कमी पडल्या असतील. मग बघितलं, बाकी सगळ्यांच्या हातात कपबशा होत्या.

मी बौद्ध. माझं आडनाव हजेरीपटावर चढायच्या आत गावात पोचलं होतं.

विषय मी घेतला. रागाने घेतला. घरचा तर घरचा. म्हटलं, आता घरच्यासारखाच शिकवते.

सहावी-सातवीची पोरं समतेचा धडा घडाघडा म्हणून दाखवतात. मधल्या सुट्टीत खिचडीची पंगत बसली की भिल्लवस्तीची पोरं मात्र आपसूक टोकाला जातात. कोणी सांगत नाही. सांगायची गरजच राहिलेली नाही.

शाळेत मंत्रिमंडळ दरवर्षी असायचं. नावं मुख्याध्यापक सर ठरवायचे, पोरं टाळ्या वाजवायची. मुख्यमंत्री कायम वरच्या आळीचा. स्वच्छतामंत्री कायम भिल्लवस्तीचा. पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली नारळ फोडायचा मान मुख्यमंत्र्याला. मी म्हटलं, यंदा निवडणूक घेऊ. सरांनी मान डोलावली. उपक्रम म्हटलं की ते कशालाही मान डोलावतात.

बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्याची मतपेटी केली. बोटाला मार्करची शाई. प्रत्येक उमेदवाराने भाषण करायचं. भिल्लवस्तीवरची, सातवीतली सोनाली उभी राहिली. तिचा बाप प्रवरेत मासे धरतो. ती म्हणाली, "मला मत द्या. मी मुख्यमंत्री झाले तर खिचडीला कोण कुठं बसंल त्याच्या रोज चिठ्ठ्या काढू." पोरं हसली. पण खो-खोत सोनालीला कोणी शिवू शकत नाही, आणि पोरांना तेवढं पुरलं. ती निवडून आली. मतांच्या चिठ्ठ्या सगळ्या वर्गांसमोर मोजल्या.

सरांनी सोनालीचा फोटो काढला, शाईचं बोट वर केलेला, आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. त्यांची रीतच तशी. फोटो आधी, विचार मागून.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष ऑफिसात हजर.

"ती पोरगी झेंड्याखाली नारळ फोडनार? पाव्हणे येत्यात. गावाला काय इज्जत हाय का न्हाई?"

सर माझ्याकडे वळले. "बाई, नावं बदलू. सोनालीला स्वच्छता खातं देऊन टाकू. उद्या परिपाठाला तुम्हीच वाचा. निवडणूक तुम्ही घेतलीय, तुमचं पोरं ऐकतील."

"पोरांनी मतं दिलीत, सर."

अध्यक्षांनी मला खालून वर न्याहाळलं. आवाज एकदम मऊ केला. "बाई, ती तर तुमच्यातली बी न्हाई. मग तुमचं काय जातंय?"

कागदी कप मी गिळला होता. घरचा विषय गिळला होता. हे मात्र घशाखाली उतरेना. ते मला सौदा देत होते. तू तुझ्यापुरतं बघ, आम्ही तुला सोसून घेऊ. त्यांना खात्री होती की मी हो म्हणेन. त्या खात्रीचीच मला सगळ्यात जास्त चीड आली.

सकाळी परिपाठ. राष्ट्रगीत झालं, प्रतिज्ञा झाली. सरांनी माझ्या हातात कागद दिला. मी तो त्यांना परत दिला. मोठ्याने बोलले, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल इतकं.

"ही नावं मी वाचणार नाही. शाळेची मुख्यमंत्री सोनाली आहे. बदलायचं असेल तर तुम्ही वाचा, आणि का बदललं तेही पोरांना सांगा."

सरांनी नावं वाचली. का, ते सांगितलं नाही.

वर्गात गेले तर एक पोरगी उठून म्हणाली, "बाई, मग आमच्या बोटाला शाई कशाला लावली?"

"कारण मत तुमचं होतं. ते मोडलं. कोणी मोडलं ते तुम्ही बघितलंय." त्यात साखर घोळायची मला इच्छा नव्हती.

नारळ अध्यक्षांच्या नातवाने फोडला. सोनाली त्या दिवशी शाळेत आलीच नाही. पुढेही येईना. मी वस्तीवर गेले. तिची आई दारात जाळं सांधत होती. सोनाली आत पाठ करून बसलेली.

"बाई, तुमी लई चांगल्या हाव," आई म्हणाली. "पर तुमी सांजच्याला संगमनेरला जाता. आमाला हितंच ऱ्हायचं हाय. तिला नुसती शाळा शिकू द्या. मंत्री-बिंत्री नगं."

नदीच्या कडेने एकटीच परत आले.

आता मी ऑफिसात शिरले की बोलणं थांबतं. डबा वर्गात बसून खाते. भावाला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, नोकरी सांभाळ. जगाचा मक्ता घेतलास का?" त्यानंतर त्याला फोन करावासा वाटला नाही. दिवसभर पोरांत बोलून घसा बसतो, आणि संध्याकाळी कुलूप उघडताना ध्यानात येतं की आज एकही मोठं माणूस आपल्याशी बोललेलं नाही. फार एकटं वाटतं. रडूही येतं. माझ्या बदलीसाठी गावातून अर्ज गेलाय म्हणतात. जाऊ दे.

मी मात्र बदली मागणार नाही. संगमनेरची खोली सोडली. भिल्लवस्तीच्या कडेला पत्र्याची एक खोली होती, ती घेतली. सामान टाकलं त्या दिवशी सोनालीची आई लांबूनच बघत होती, बोलली नाही. तिने का बोलावं? सोनाली आता पुन्हा शाळेत येते, पण माझ्याकडे बघत नाही. जूनमध्ये ती आठवीला दुसऱ्या शाळेत जाईल. तिचं जे हिसकावलं ते मला तिला परत देता येणार नाही, आणि दिलं असं मी कधी म्हणणारही नाही.

पण जूनमध्ये निवडणूक होणार. मी इथं असले तर इथं, हाकलली तर जिथं हाकलतील तिथं. मतं मी गावासमोर मोजणार, दिवसाढवळ्या, आयाबापांना बोलावून. आणि ज्याला निकाल मोडायचा असेल त्याला ऑफिसाचं दार लावून मोडू देणार नाही. त्याने निवडून आलेल्या पोरासमोर उभं राहावं आणि सगळ्यांदेखत स्वतःच्या तोंडाने सांगावं, तू कोण आहेस म्हणून तुझी मतं आम्ही मोजत नाही.