एका वेळी एकच बदल

इथे हिंदी मुलखात, तेलीबागेत, आमच्या वरच्या मजल्यावर श्रीपाद मोहरीर राहतात. मूळचे अकोल्याचे, वय एकावन्न, रेल्वेच्या सिग्नल खात्यात इंजिनिअर. गेल्या वर्षापासून त्यांची पावलं मला दुपारी डोळा लागू देत नाहीत. खिडकीपासून दारापर्यंत नऊ, दारापासून खिडकीपर्यंत नऊ. मध्येच एखादं कमी पडलं की वाटतं, थांबले. पण लगेच पुन्हा सुरू.

पूर्वी हा माणूस शांत होता. मुलगी वेदिका लहान असताना तिच्या वह्यांना कव्हरं घालायचा, तीसुद्धा कोपरे मोजून. मग जेवण अर्ध्यावर सुटू लागलं. एकदा चारबाग स्टेशनात, जिथून सिग्नल चालतात त्या खोलीच्या दारापाशी, ते हातात कुलूप घेऊन तासभर उभे राहिले. बरोबरच्यांनी घरी आणून सोडलं; तेव्हापासून ते रजेवर आहेत. डॉक्टर म्हणाले, हे नैराश्य आहे. गोळ्या घ्या आणि समुपदेशकांकडे बोलायलाही जा.

"दोन्ही एकदम नाही," श्रीपादरावांनी मला सांगितलं. "बाई, बिघाड शोधताना आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलतो. दोन बदलल्या आणि सिग्नल चालला, तर दोष कुठे होता ते कधीच कळत नाही. मग तो पुन्हा येतो."

"अहो, तुम्ही खांबावरचा सिग्नल नाही आहात," चारुलता म्हणाली. ती त्यांची बायको. चेष्टा करतानाही डोळे त्यांच्यावरून हलवत नाही.

"पुन्हा आलं तर कशाला धरायचं, ते मला माहीत पाहिजे," ते म्हणाले. आवाज बारीक झाला होता. या प्रश्नानेच ते घाबरले होते, हे मला तेव्हा दिसलं.

आठ आठवडे फक्त गोळ्या. झोप आली, जेवण जाऊ लागलं, पावलं मंदावली. पण मनातलं ते कुणाशी बोलत नव्हते. "दिवे लागलेत, बाई. गाडी मात्र येत नाही," असं एकदा जिन्यात म्हणाले. मग दर गुरुवारी जानकीपुरमला समुपदेशक सरोजजींकडे जाऊ लागले. पहिल्या दोन खेपांनंतर चेहरा जरा मोकळा दिसला. आम्ही खूश झालो.

तिसऱ्या आठवड्यात वरची पावलं पळू लागली. भांडं पडलं तरी ओरडणं, चक्कर, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होणं. वेदिका म्हणायची, "पापा, दो मिनट बैठ जाइए ना." ते बसायचे आणि मिनिटभरात उठायचे.

गुरुवारी सकाळी चारुलता माझ्याकडे आली. हातात गोळ्यांची पाकिटं, सगळी भरलेली. प्रत्येक गोळीवर श्रीपादरावांच्या सुबक अक्षरात एकेक तारीख.

"सरोजजींकडे पहिल्यांदा गेले त्याच दिवशी बंद केल्या, बाई. एका झटक्यात. मला रोज सांगायचे, घेतली म्हणून."

तिने डॉक्टरांना फोन लावला. हा त्रास गोळ्या एकदम सोडल्याचा आहे, आपल्या मनाने बंदही करू नका, सुरूही करू नका, उद्या सकाळी या, आज एकटं सोडू नका, असं ते म्हणाले. म्हणून रिक्षात आम्ही तिघं बसलो. जानकीपुरमपर्यंत श्रीपादरावांचा गुडघा सारखा हलत होता. चारुलताने त्यावर हात ठेवला, तर हातही हलू लागला.

सरोजजींनी त्यांना विचारून आम्हा दोघींनाही आत बसवलं. पाकिटं बघून त्या रागावल्या नाहीत.

"मोहरीर साहब, चलती लाइन पर सिग्नल ख़राब हो जाए, तो गाड़ियाँ रोककर ख़राबी ढूँढते हैं?"

"नहीं, नहीं," श्रीपादराव ताडकन म्हणाले. हा त्यांचा प्रांत. "पहले गाड़ी निकालते हैं. ड्राइवर को लिखकर देते हैं, आदमी झंडी लेकर खड़ा होता है, धीमी रफ़्तार से जाती है. जो-जो साधन हाथ में हो, सब लगाते हैं. पैसेंजर बैठे होते हैं ना अंदर!"

आणि ते थांबले. चारुलताकडे बघितलं, मग स्वतःच्या गुडघ्याकडे. तो अजून हलतच होता.

"आत मीच बसलोय," ते मराठीत म्हणाले. त्यानंतर रडले. बराच वेळ. सरोजजींना मराठी येत नाही. पण त्यांनी अर्थ विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कमी मात्रेपासून गोळी पुन्हा सुरू केली. "कुणाला गोळीने भागतं, कुणाला बोलण्याने. तुम्हाला सध्या दोन्ही लागतील. पुढे कमी करायची तेव्हा आपण मिळून करू," असं त्यांनी सांगितल्याचं चारुलता म्हणाली.

याला आता पाच आठवडे झाले. श्रीपादराव अजून कामावर गेलेले नाहीत. कशाने गुण येतोय हे त्यांना अजून कळलेलं नाही, आणि ते त्यांना खुपतं. परवा जिन्यात भेटले, तर म्हणाले, "बाई, चाचणीचा पार विचका झाला. गोळी, बोलणं, वर ही रोज संध्याकाळी फिरायला नेते. काय कशामुळे, काही सांगता येणार नाही."

"माझं नाव सगळ्यात वर लिहा," चारुलता मागून म्हणाली.

ते हसले. थोडंच, पण हसले. मग वर गेले.

आज दुपारी पडल्या पडल्या मी ऐकत होते. खिडकीपासून दारापर्यंत नऊ. परत नऊ. मग सहाव्यावर खुर्ची ओढून बसल्याचा आवाज झाला. पुढची तीन पावलं ऐकू येतील म्हणून मी बराच वेळ छताकडे बघत होते.