नाडीचा वळ

“वाढलाय कशाचा! बाया आत्ता कुठं दाखवाय लागल्यात.”

दवाखान्यातल्या मावशी हे फरशीला सांगत होत्या. आतल्या खोलीत डॉक्टर एका शिकाऊ मुलीला त्वचेचा कॅन्सर का वाढतोय ते समजावत होते. माणसं जास्त वर्षं जगतात, जन्मभराचं ऊन अंगावर साठतं, जुन्या जखमा चिघळत राहतात, आणि तपासणीची सोय आता इथं साताऱ्यातच झालीय. दाराबाहेर फडकं पिळत मावशींनी आपलं मत जोडलं. ते फक्त मी ऐकलं.

मी त्या दवाखान्यात केसपेपर भरायचे. मावशी झाडलोट करायच्या, पण त्यांचं खरं काम पडद्यामागं होतं. खेड्यातून आलेल्या बायका डॉक्टरांसमोर पदर आवळून बसायच्या. मग मावशी आत जायच्या. “आवं, कातडीचा डाक्टर हाय त्यो. साडी बघून औषध दील व्हय?” बाई हसायची आणि गाठ सोडायची.

कमरेवर काळा पट्टा असायचा. परकराची नाडी वर्षानुवर्षं करकचून बांधल्यानं पडलेला वळ. बहुतेकींचा नुसताच काळा. एखादीचा मात्र सोललेला, कडा जाड झालेल्या. तसा दिसला की कॅन्सरच्या शंकेनं डॉक्टर तुकडा काढून तपासायला पाठवत.

काम सुरू करण्याआधी कमरेची गाठ ओढून बघणाऱ्या बायका तुम्हीही पाहिल्या असतील. मावशी तर नुसती बादली उचलायची तरी ओढायच्या. रुंद पट्ट्याचा परकर घाला म्हणून सगळ्यांच्या मागं लागायच्या, स्वतः मात्र सुतळीएवढी नाडी. “सैल बांदलं की अंगातलं बळच जातंय बग,” म्हणायच्या.

दवाखान्यात माझ्याशी आपणहून बोलणाऱ्या त्या एकट्याच. “इंग्लिश मीडियम, तुज्या शाळंत तोंड उघडलं की दंड व्हता का गं?” मी नुसती हसायचे. त्यांना तेवढं पुरायचं. शेंगदाण्याची चटणी माझ्या पोळीवर ठेवून त्या पुढचं बोलायला लागायच्या. माझ्या गप्प बसण्याशेजारी इतक्या आरामात बसणारं माणूस मला पुन्हा भेटलेलं नाही.

एकदा मी सामानाच्या खोलीत दार न वाजवता शिरले. मावशी कमरेला हळद दाबत होत्या. काळ्या वळाच्या मधोमध उघडी जखम, कडा जाड. केसपेपरवर मी कितीदा तरी हेच उतरवून घेतलं होतं.

“घामोळं हाय,” त्या म्हणाल्या. मग हळू आवाजात, “डाक्टरला सांगू नगंस. रोज त्येंच्यासमूर वावरायचंय मला.”

मी मान हलवली.

तेव्हा उन्हाळा होता. रोज सकाळी एसटीत मी डॉक्टरांना सांगायचं वाक्य तयार करायचे. दुपारी त्या डबा उघडायच्या, “घे की गं” म्हणायच्या, आणि वाटायचं, सांगितलं तर या पुन्हा माझ्याशी बोलणार नाहीत. मला त्यांच्या जखमेपेक्षा त्याची जास्त भीती वाटली. हे आता लिहिता येतंय.

दिवाळीत त्यांच्या जांघेत गाठ आली आणि सगळं उघड झालं. ऑपरेशन झालं, पण तोवर कॅन्सर पसरला होता. मावशी आटपाडीला लेकीकडं राहायला गेल्या. होळीच्या आधी वारल्या.

पडद्यामागून आता हसू ऐकू येत नव्हतं. मी डबा केसपेपरांशेजारीच संपवायचे. 

त्या गेल्यावर महिन्याभरानं मी आटपाडीला गेले. लेक मावशींसारखीच उभट चेहऱ्याची. तिनं चहा दिला आणि समोर बसून राहिली.

“ताई, एवढा कातडीचा दवाखाना. आई रोज तितंच. कुणाच्याच नजरंला कसं पडलं न्हाई वो?”

ती उत्तराची वाट बघत नव्हती. नजर बाहेर उन्हाकडं होती. मी नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं.

मी कप खाली ठेवला.

“मला दिसलं होतं,” मी म्हणाले. “गेल्या उन्हाळ्यातच. मी कुणाला सांगितलं नाही.”