बक्षीस म्हणा, मृत्यू म्हणू नका

चिंतामणी टिपणीस भिवंडीत चाळीस वर्षं दस्त लिहितात आणि चाळीस वर्षं लोकांवर वैतागलेले आहेत. नोंदणी कचेरीसमोर ताडपत्रीखाली त्यांचं टेबल. खरेदीखत म्हणा, भाडेपट्टा म्हणा, हवं ते लिहून मिळेल, पण आधी दोन शब्द ऐकून घ्यावे लागतात. ‘गोदामं वाढली, अक्कल आहे तेवढीच राहिली,’ हा त्यांचा लाडका शेरा ते गोदामवाल्यांना तोंडावर ऐकवतात. तरी लोक येतात, कारण त्यांनी लिहिलेला कागद कधी परत येत नाही.

मंगळवारी वळ गावचे बाळाराम तरे आले. सोबत मुलगा मितेश, आणि म्हाताऱ्याचा दंड धरून गुणाबाई. बाळारामांची बायको पुतळाबाई नऊ वर्षं अंथरुणाला खिळून होती. तिला भरवायचं, धुवायचं, कुशीवर वळवायचं, सगळं या गुणाबाईने केलं. पुतळाबाई चैत्रात गेली. आपल्या मागे टेमघरची एक खोली गुणाबाईला मिळावी, एवढीच बाळारामांची इच्छा होती. गुणाबाईला स्वतःचं छप्पर नव्हतं.

मितेशने कागद टाईप करूनच आणला होता. वर ठळक ‘बक्षीसपत्र’, आणि आत खोली गायब. त्याऐवजी रोख एकोणपन्नास हजार नऊशे नव्व्याण्णव रुपये.

“काका, परक्याला पन्नास हजारांच्या वर बक्षीस दिलं की टॅक्स बसतो,” मितेश म्हणाला. “खोली चौदा लाखांची. ही बिचारी टॅक्स कुठून भरणार? म्हणून लिमिटच्या आत बसवलंय.”

केवढी ती कणव! चिंतामणींनी चष्म्यावरून बघितलं. “बाळारामशेठ, खोली आज द्यायचीय की तुमच्या मागे?”

“माज्या मागं.”

“मग हे बक्षीसपत्र कुठल्या शहाण्याने काढलं? याला मृत्युपत्र लागतं.”

मितेशने घाईघाईने आवाज खाली घेतला. “हळू, काका. आमच्या घरात तो शब्द कोणी काढत नाही. रुचिकाने सांगितलंय, बाबांसमोर अशुभ नको.”

रुचिका म्हणजे त्याची बायको. घरात गाड्या चार, गोदामं अकरा, आणि एका शब्दाला सगळं घर चळचळ कापणार. चिंतामणींना हसावं की ओरडावं कळेना, म्हणून ते ओरडले.

“ऐक. जिवंतपणी परक्याला दिलंस तर पन्नास हजारांची मर्यादा. मृत्युपत्राने दिलंस तर मर्यादाच नाही. घेणारा नात्यातला असो नाहीतर रस्त्यावरचा. खोली मिळाली म्हणून या बाईला एक पैसा कर पडणार नाही. वारशावरचा कर या देशातून जाऊन चाळीस वर्षं झाली. तू जन्मलाही नव्हतास.”

खरं तर मितेशचा चेहरा खुलायला हवा होता. कराची अडचण होती, ती मिटली. पण कराबरोबर त्याची कणवही मिटली. “मग घाई कशाला?” तो म्हणाला. “दिवाळीनंतर बघू की.”

बाळाराम पोराकडे बघत राहिले. “म्हंजे टॅक्स आडवा आला न्हवता. तूच आला व्हतास.”

मितेशने मोबाईल काढला आणि त्यात डोकं घातलं.

चिंतामणींनी कोरा कागद ओढला. शेजारच्या टेबलांवरचे दोघे साक्षीला थांबायला तयार झाले. पण पहिला शब्द लिहिणार तोच बाळारामांनी त्यांचा हात धरला. म्हातारा घामाघूम झाला होता. “वर दुसरा कंचा शब्द चालल का?”

“नाही चालणार,” चिंतामणी करवादले. बापही लेकाच्याच माळेतला निघाला याचा त्यांना भयंकर राग आला होता.

इतका वेळ मुकाट उभी असलेली गुणाबाई तेव्हा बोलली. “खोली देव नका, बाबा. पन असं भ्याता काय? आयचा कुटं कागद लिवला व्हता? तरी गेलीच ना. माज्या मांडीवर गेली. तवा तुमी कोनबी नव्हता.”

बाळारामांनी चिंतामणींचा हात सोडला.

“लिवा,” ते म्हणाले. “मोट्या अक्षरात लिवा.”