शहाबादी फरशीवरचं पान

बरकतपुऱ्यातल्या आमच्या घरात शहाबादी फरशी आहे. स्वयंपाकघराच्या दाराशी एका फरशीवर नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी उमटलेली आहे. ते जीवाश्म आहे, असं मी येणाऱ्या प्रत्येकाला ठासून सांगत असे. शेजारच्या खालाजान तर त्या फरशीवर पायच ठेवायच्या नाहीत. "इसमें झाड सोया है," म्हणायच्या.

यंदा माझी भाची राहायला आली. ती भूगर्भशास्त्र शिकते. तिने ओणवं होऊन भिंगातून नक्षी पाहिली आणि म्हणाली, "मावशी, हे पान नाही. दगडाच्या भेगेत खनिजाचं पाणी झिरपलं, त्याचा डाग आहे."

मला रागच आला. "मग पानासारखा कसा?"

"पाणीसुद्धा फाटे फोडतच पसरतं ना. आणि हा दगड समुद्राच्या तळाशी गाळ होऊन बसत होता, तेव्हा जगात पानच नव्हतं. मासे नव्हते, शिंपले नव्हते. पाण्यात अगदी बारीक जीव तेवढे होते."

ती गेल्यावर मी घरातली एकेक फरशी निरखत फिरले. कुठे शिंपला नाही, काटा नाही. इतकी वर्षं ह्या कोऱ्या फरश्या मी नुसत्या पुसत आले होते.

आता पाहुणे आले की खालाजान त्यांना पान दाखवतात. मी शेजारची कोरी फरशी दाखवते.

"इथे काय आहे?" ते विचारतात.

"इथे अजून कोणी आलेलं नाही," मी सांगते.