मोहाखाली टाकी बांधायची का?

वह्या कोऱ्या दिसतात, अशी पालकांची तक्रार आली आणि मुख्याध्यापकांनी मला आठवडा दिला. परिसर अभ्यासात प्रश्न टाकून मुलांना विचार करायला लावायचं माझं खूळ वहीत दिसलं पाहिजे, नाहीतर पुन्हा फळ्यावरची प्रश्नोत्तरं. मीही हट्टी. शुक्रवारी शाळा सुटताच जळगावातल्या पिंप्राळ्याहून निघाले. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी माझी डी.एड.ची मैत्रीण सुनंदा चौथीला असंच शिकवते, ते बघायला.

जळगाव-चोपडा-शिरपूर एसटी सोयीची, बायकांना अर्धं तिकीट. चोपड्यात शेवभाजी खाऊनच घ्या, पुढे काही मिळत नाही. शिरपूरहून जीप, ती भरल्याशिवाय हलत नाही. मी अंग चोरून बसले तर ड्रायव्हरभाऊ म्हणाले, "अजून चार जण बसतीन, ताई." बसलेही. मुक्कामी सुनंदाने ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला, प्रवासाचा शीण गेला.

शनिवारी वर्गात जमिनीवर खडूने गावाचा नकाशा काढला होता. प्रश्न एकच: पाण्याची टाकी कुठे बांधायची? राणी नावाच्या मुलीने टेकाडावर खडा ठेवला, मग उचलला. मला राहवलं नाही. म्हटलं, ठेव की तिथेच, उंचावरून पाणी उताराने सगळीकडे जाईल. झालं! बठ्ठ्याच्या बठ्ठ्या वर्गाने माना खाली घालून माझं वाक्य वहीत उतरवलं.

राणीने लिहिलं नाही. सुनंदाने तिला कारण विचारलं.

"तठे आमनं मव्हानं झाड शे," ती म्हणाली. "फुलं कोठे वेचसूत?"

मोहाच्या दिवसांत झाडाखालची जमीन झाडून ठेवतात आणि पहाटे घरदार फुलं वेचायला जातं. वर्षाची मिळकत असते ती. मला हे ठाऊकच नव्हतं, तरी उत्तर तयार होतं. फार लाज वाटली. माझ्या वर्गात वह्या कोऱ्या का राहतात, तेही कळलं. मूल तोंड उघडतं तोच मी उत्तर देऊन टाकते, आणि वर माझं उत्तर लिहू नका म्हणून दटावते.

सोमवारी पिंप्राळ्यात विचारलं, कॉलनीतली मोकळी जागा कशासाठी ठेवायची? आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले. सगळ्यांची नजर रिकाम्या फळ्याकडे. जीभ नुसती शिवशिवत होती. शेवटी एकीने मान वळवली.

"मॅडम, बरोबर उत्तर काय?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. इतक्या वर्षांत वर्गात हे पहिल्यांदाच बोलले.

मग पेन्सिली चालू लागल्या. उद्या वह्या मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवणार आहे. भरल्या आहेत. एकीचं उत्तर दुसरीशी जुळत नाही, आणि मी लाल पेनाने एकही जुळवलेलं नाही.