सरळ पायाची गाडी

जनावर खोड्यात, म्हणजे उपचाराच्या लोखंडी चौकटीत, घेतले की भाऊ आधी सुईला हात लावत नसत. त्याच्या गळ्याखाली लोंबणाऱ्या कातडीवर तळहात ठेवायचे, थोडा वेळ तिथेच राहू द्यायचे आणि म्हणायचे, "जुयते. थोडा टेम लागते." म्हणजे जुळते, वेळ लागतो. बैलाची धाप कमी झाली की मग पुढचे काम. ऑफिसात कुणाचे साहेबांशी वाजले किंवा माझ्या कॉम्प्युटरचे प्रिंटरशी बिनसले, तरी त्यांच्याकडे औषध हेच. एकदा मी चिडून म्हटले, भाऊ, आता प्रिंटरच्या गळ्याखाली हात ठेवा. त्यांनी खरोखर ठेवला. कागद काही निघाला नाही, पण माझा राग उतरला.

आमचा गुरांचा दवाखाना घाटंजी आणि पांढरकवड्याच्या मधल्या पट्ट्यातला. मी तिथे लिपिक आणि ते व्रणोपचारक. हा शब्द तुम्ही आयुष्यात उच्चारला नसेल. त्यांनाही तो फक्त पगाराच्या कागदावर भेटायचा. लोक त्यांना 'ढोरायचा कंपाउंडर' म्हणत आणि डॉक्टर खुर्चीत असले तरी आधी भाऊंनाच शोधत. माझ्याबद्दल एवढेच सांगते, की माझ्या मसुद्यावर साहेब न वाचता सही करत. याचा मला फार अभिमान होता.

आठवड्यातले चार दिवस भाऊ फिरतीवर असत. नाल्यापलीकडे कोलामांची पोडे आहेत. पोड म्हणजे पंधरा-वीस घरांची वस्ती. तिथला माणूस जनावर घेऊन आमच्यापर्यंत येत नाही, त्यामुळे तिथे दवाखान्यानेच जायचे असते. लशींचा डबा मागे बांधून भाऊ सकाळी निघत आणि संध्याकाळी धुळीने माखून परतत. कुणाची गाय गाभण आहे, कुणाच्या गोऱ्ह्याचे शिंग मोडले, हे मला नाश्त्याच्या पोह्यांबरोबर ऐकावे लागे. माझी स्वतःची मुले पुण्यात काय करतात हे मला इतके तपशीलवार माहीत नव्हते.

एका सकाळी खोड्यात घेतलेला सांड बिथरला. लोखंडी दांडा निसटला आणि भाऊंचा उजवा गुडघा दांडा आणि खांबाच्या मध्ये सापडला. नागपूरला ऑपरेशन झाले, सळ्या घातल्या. हाड जुळेल, पण गुडघा आता वाकायचा नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. मी केळी घेऊन भेटायला गेले तर हा माणूस छताकडे पाहत पडलेला. वहिनी डोळे पुसत होत्या. मला म्हणाले, "पाय गेला त गेला, बाई. फिरती नाही गेली पाह्यजे."

अडचण सरळ होती. किक उजव्या पायाने, मागचा ब्रेकही उजव्याच पायाने. न वाकणाऱ्या पायाला मोटारसायकलवर जागाच नाही. कुणी सुचवले, मागे दोन चाके जोडलेली स्कूटर घ्या. भाऊ म्हणाले की पोडाच्या पायवाटेवर बकरी मावते तर माणूस मावत नाही, तिथे जास्तीची चाके कुठे नेऊ. मग घरी आल्यावर, प्लास्टरचा पाय खाटेवर पसरून, त्यांनी स्वतःच्या मापाची गाडी जमवायला घेतली.

चेसिस एका दूधवाल्याच्या मोडीत निघालेल्या गाडीची. इंजिन पांढरकवड्याला हायवेवरच्या भंगारातून आणलेले, एका जुन्या गाडीचे. तिच्या गिअरचाच दांडा वर फिरवला की त्याची किक होते, आणि तो असतो डावीकडे. हे आठवल्या दिवशी भाऊंनी म्हणे वहिनींना दोनदा चहा करायला लावला. टाकी तिसऱ्याच गाडीची, पोचा आलेली. बातमी पोडांपर्यंत पोचली आणि आजाऱ्याला भेटायला येणारे लोक केळ्यांऐवजी सुटे भाग आणू लागले. एका म्हाताऱ्याने धोतराच्या फडक्यात गुंडाळून शॉकअप आणला. तो कुठून आणला हे मी विचारले नाही. सरकारी नोकरीत काही गोष्टी विचारू नयेत.

आमच्याकडे दोन गावांहून दोन बैल घेतले तर आल्या आल्या एका जुवाला जुंपत नाहीत. आठ-दहा दिवस एकाच गव्हाणीवर बांधतात आणि एकमेकांचा वास ओळखीचा होऊ देतात. भाऊंनी चेसिस आणि इंजिन पोत्यावर शेजारी शेजारी मांडून तसेच ठेवले. बैलबंड्या बनवणारा वेल्डर, जो इंजिनाच्या पट्ट्या जोडून देणार होता, तो रोज विचारून जाई आणि रोज परत पाठवला जाई. मी थट्टा केली की चारा कोणता टाकता यांना? ते हसले नाहीत. प्लास्टरवरून हात फिरवत म्हणाले, "त्यायले कायचा टेम, बाई. टेम मले लागते."

दहाव्या दिवशी त्यांनी वेल्डरला बोलावले. पुढे महिनाभर गाडी अंगणात वाढत गेली. उजवे फूटरेस्ट त्यांनी पार पुढे नेऊन बसवले, पाय सरळ लांबवला की टाच टेकेल असे. ब्रेकही तिथेच, नुसता पंजा दाबला की लागेल. माप घ्यायला वहिनी शिलाईची टेप धरायच्या. ते खाटेवर बसून पाय ताणायचे आणि त्या टाचेशी खडूने खूण करायच्या. अंगणात एकावर एक इतक्या खुणा झाल्या होत्या, की येणारी माणसे कडेकडेने चालत.

आता माझे सांगते. याच दिवसांत त्यांची फाइल माझ्या टेबलावर आली. मी मन लावून टिपणी लिहिली. सदर कर्मचारी कर्तव्यदक्ष आहेत, त्यांना कर्तव्यावर असताना इजा झाली आहे, सहानुभूतीपूर्वक विचार होऊन त्यांना फिरतीच्या कष्टातून मुक्त करावे व कार्यालयातच हलके काम द्यावे. मला वाटले, मी त्यांच्यावर उपकार करते आहे. उन्हातान्हात तो पाय घेऊन कुठे फिरतील? गाडीचा नाद आहे, मन रमते, रमू दे, असे मी धरून चालले होते. त्यांना विचारावे हे माझ्या डोक्यात आलेच नाही. साहेबांनी नेहमीप्रमाणे सही केली आणि वरूनही आठवड्याभरात मंजुरी आली. एवढ्या लवकर आमच्याकडे एकही कागद कधी आला नव्हता.

भाऊ रुजू व्हायला आले ते गाडीवरच. उजवा पाय समोर ताठ, तोंडात हसू. फाटकाशी बाजाराला निघालेली माणसे थांबून पाहत होती. मीही बाहेर आले, टाळ्याही वाजवल्या. मग आत येऊन त्यांनी लशींचा डबा मागितला आणि मी त्यांच्या हातात आदेश ठेवला.

त्यांनी तो उभ्याउभ्याच वाचला आणि मग पुन्हा वरून वाचायला सुरुवात केली.

"हे तुमी लेहलं काय, बाई?"

मी हो म्हटले. तुमच्या भल्यासाठीच, असेही म्हटले.

कागदाची घडी करून त्यांनी खिशात ठेवली. "भाषा चांगली हाय," ते म्हणाले आणि औषधांच्या साठा रजिस्टरासमोर जाऊन बसले.

त्यानंतर मी किती अर्ज लिहिले याची गणती नाही. पूर्वीची शिफारस नजरचुकीने झाली, कर्मचारी स्वतःच्या वाहनाने फिरतीस समर्थ आहेत, वगैरे. पण एकदा हलके काम दिलेल्या माणसाला परत फिरतीवर पाठवायचे तर वैद्यकीय मंडळ बसावे लागते, आणि ते काही बसले नाही. निवृत्त होईपर्यंत दीड वर्ष भाऊ रजिस्टर लिहीत राहिले. पाय टेबलाबाहेर यायचा आणि जाणारा-येणारा तो ओलांडून जायचा. पोडावरची माणसे खिडकीशी येऊन काय लावायचे ते विचारत. भाऊ तिथूनच सांगत. एका शब्दाने त्यांनी मला कधी दोष दिला नाही. दिला असता तर मला बरे वाटले असते.

रविवारी मात्र ते पोडावर जात, मोकळ्या हाताने. एकदा मी म्हटले, मलाही न्या. मागच्या सीटवर बसले आणि तेव्हा मला पहिल्यांदा दिसले, की हा माणूस इतकी वर्षे काय पाहत जात होता. सागाचे रान, नाल्यातले गोटे, दुरून गाडीचा आवाज ओळखून बांधावर येऊन उभी राहिलेली पोरे. त्यांची पाठ मला इतकी सैल ऑफिसात कधी दिसली नव्हती.

पोडावर एका बाईने वासरू पुढे आणले. खांद्यावरच्या जखमेत किडे पडले होते. भाऊ तिला सांगू लागले, असे धू, हे लाव. बाई म्हणाली, तूच लाव ना, तुझ्या हाताची त्याच्या मायला ओळख आहे. भाऊंचा हात अर्ध्यावर गेला आणि थांबला. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिले.

"बाई, हात लावू काय?"

मी तत्काळ हो म्हणायला हवे होते. पण मनात नियम आला. कर्मचारी फिरतीवर नाही, आज रविवार आहे, उद्या काही झाले तर. तेवढा एकच श्वास मी थांबले. मग घाईघाईने म्हटले, लावा भाऊ, लावा. त्यांनी जखम साफ केली, तळहात वासराच्या गळ्याखाली ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. पण माझे ते थांबणे त्यांनी पाहिले होते.

निवृत्तीनंतर वर्षही पुरे झाले नाही. गेल्या हिवाळ्यात एका पहाटे छातीत कळ आली आणि भाऊ गेले.

मागच्या महिन्यात मी वहिनींकडे गेले होते. गाडी अंगणातच आहे. दोन गिऱ्हाइके येऊन गेली, पण ती कुणालाच चालवता येत नाही. उजव्या पायाचे काय करावे तेच माणसाला कळत नाही. भंगारवाला वजनावर न्यायला तयार आहे. वहिनी मला म्हणाल्या, तुम्ही बसून पाहा. मी म्हटले, मला कुठे चालवता येते? त्या म्हणाल्या, "चालवू नका. बसा."

मी पदर खोचला आणि बसले. हँडल धरले. ते माझ्या हातांना दूर पडत होते. डावा पाय कसाबसा टेकला. उजवा पाय गुडघा ताठ करून मी पुढे लांबवला, त्यांच्या फूटरेस्टच्या दिशेने. चार बोटे कमी पडला. सरकून पुढे बसले, आणखी ताणला. वहिनी खाली वाकून पाहत होत्या.

"नाही पुरत," त्या म्हणाल्या.